पोर हुशार, पण वाचता येईना : शाळा कोणती निवडावी?

काही मुले फार चलाख असतात. बाजाराचा हिशेब तोंडी करतात. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतात. पाण्याचे इंजिन बंद पडले, तर कुठे बिघडले ते शेजारी उभे राहून ओळखतात. पण पुस्तक हाती दिले, की तेच मूल अडते. 'घ' आणि 'ध' यांत गोंधळते. 'भ' चा 'म' करते. 'कमळ' असेल तिथे 'मकळ' वाचते. लिहिताना काना-मात्रा गाळते. जोडाक्षर आले, की त्याच्या कपाळाला घाम येतो.

घरची माणसे म्हणतात, "आळशी आहे." शेजारी म्हणतात, "लाडानं बिघडलंय." शाळेत छडी बसते, घरी बोलणी बसतात. मग एक दिवस बाप ठरवतो, "गावच्या शाळेत काही शिकवत नाहीत. एवढं हुशार पोर वाया जाईल. शेताचा तुकडा विकू, पण तालुक्याच्या खासगी शाळेत घालू."

बापाची माया खरी आहे. पण शेत विकण्याआधी हा पाठ वाचा.

हा आळस नव्हे

1896 साली इंग्लंडात मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी अशाच एका मुलाची हकीकत छापली. मुलगा चौदा वर्षांचा होता. डोळे चांगले होते, बुद्धी तल्लख होती. आकडे त्याला चांगले येत. पण लहान मुलांचे सोपे शब्दही वाचता येत नसत. स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरे मागेपुढे होत आणि ते त्याच्या ध्यानात येत नसे. त्याच्या गुरुजींचे म्हणणे होते, की सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

तेव्हापासून या गोष्टीचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ मेंदूत पटकन बसावी लागते. काही मुलांत ती सहज बसत नाही. याला 'अध्ययन अक्षमता' म्हणतात. कोणाला वाचणे जड जाते, कोणाला लिहिणे, कोणाला आकडे. वाचनाच्या अडचणीला इंग्रजीत 'डिसलेक्सिया' असे नाव आहे. 2007 साली आलेला 'तारे जमीं पर' हा हिंदी चित्रपट अशाच मुलाचा होता. तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

ही अडचण पुष्कळदा एकाच घराण्यात दिसते. ती नजर लागल्याने होत नाही. आईच्या चुकीने होत नाही. तिला गोळी नाही, टॉनिक नाही, ऑपरेशन नाही. तिला एकच उपाय, नीट पद्धतीने आणि धीराने शिकवणे.

तुम्ही स्वतः मोठेपणी वाचायला शिकलात. अक्षर न येण्याची लाज काय असते, ते तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्यात आणि या मुलात फरक आहे. तुम्हाला लहानपणी कोणी शिकवले नाही. या मुलाला रोज शिकवतात, तरी येत नाही. मग ते मनाशी धरून बसते, की 'मी ढ आहे.' हे एकदा मनात बसले, की काढणे कठीण होते.

हुशारी अडचण झाकते

अशा मुलाची अडचण लवकर उघडी पडत नाही. ते धडा ऐकून पाठ करते आणि वाचल्यासारखे म्हणून दाखवते. पहिली-दुसरी अशी निघून जाते. पुढे धडे लांब होतात, पाठांतर पुरत नाही, आणि खरे घोडे तिथे पेंड खाते.

उलटेही होते. अडचण हुशारी झाकते. वहीत लाल खुणा पाहून गुरुजी त्याला मागच्या ओळीत बसवतात. ज्या पोराला मोठे गणित सुटेल, त्याला वर्षभर बाराखडीच गिरवायला लावतात. त्याची बुद्धी उपाशी राहते. मग ते खोड्या करते, नाहीतर शाळा चुकवते.

म्हणून या मुलाला दोन गोष्टी एकदम लागतात. वाचायला-लिहायला आधार, आणि डोक्याला भरपूर काम. ज्या शाळेत दोन्ही मिळतील, ती त्याची शाळा.

आधी तपासणी

शाळा शोधण्याआधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. कधी कधी खोट तिथेच असते आणि चष्म्याने काम होते.

डोळे-कान बरे असतील, तर शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना सांगा. प्रत्येक तालुक्याला गट साधन केंद्र असते. तिथल्या विशेष शिक्षकांची गाठ घालून द्यायला सांगा. शाळेत मुले तपासायला सरकारी डॉक्टरांचे पथक येते. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' हे त्या कामाचे नाव. 2013 साली पालघर इथे त्याची सुरुवात झाली. त्या पथकालाही सांगा. पुढची तपासणी जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात होते. तिथे बुद्धीची कसोटी वेगळी घेतात आणि वाचन-लेखनाची वेगळी. हुशारी किती आणि अडचण कुठे, हे कागदावर येते.

अध्ययन अक्षमतेचा दाखला मूल आठ वर्षांचे झाल्यावर मिळतो. पण मदत सुरू करायला दाखल्याची वाट पाहू नका. रोप कोवळे असतानाच आधाराची काठी लावतात.

शाळा पारखून घ्या

बैल घेताना आपण नुसता रंग पाहत नाही. दात पाहतो, चालवून पाहतो, जुंपून पाहतो. शाळेची पारख मात्र इमारत, बस आणि गळ्यातला टाय पाहून करतो. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' असे व्हायला नको असेल, तर शाळेत जाऊन हे विचारा :

1. अशी मुले तुमच्याकडे आहेत का? त्यांना कोण शिकवते? विशेष शिक्षक रोज असतात, की आठवड्यातून एकदा येतात?

2. एका वर्गात मुले किती? साठ-सत्तर मुलांत एका गुरुजींना आपल्या मुलाजवळ बसता येणार नाही.

3. वाचायला कसे शिकवता? अक्षराचा आवाज आधी, मग अक्षर, मग शब्द, अशा लहान पायऱ्यांनी, हाताने गिरवत आणि तोंडाने म्हणत शिकवणे या मुलांना मानवते. "दहा वेळा लिहून आण" एवढेच उत्तर आले, तर पुढे जाऊ नका.

4. त्याला तोंडी उत्तर देऊ द्याल का? विज्ञानाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापाल का?

5. हुशारीसाठी काय आहे? प्रयोग, कोडी, बुद्धिबळ, चित्रकला, यंत्रे, वादविवाद? वाचन कच्चे म्हणून या तासांतून त्याला उठवणार तर नाही ना?

6. चुकले तर काय करता? मारणे आणि टोचून बोलणे दोन्ही कायद्याने बंद आहे. तरी विचारा, आणि उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहा.

मुलाला बरोबर न्या. एक दिवस वर्गात बसू देतात का ते विचारा. तिथे शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांशी बोला. "सहा महिन्यांत पहिला नंबर आणून देतो" असे कोणी म्हटले, तर पैसे खिशातच ठेवा. सहा महिन्यांत असा चमत्कार होत नाही. पण दोन-तीन वर्षांत फरक नक्की पडतो.

हुशार मुलांच्या काही शाळा परीक्षा घेऊन मुले निवडतात. तिथे अर्ज करण्याआधी विचारा, की वाचनाची अडचण असलेल्या मुलाला जादा वेळ मिळेल का. नाहीतर बुद्धीची परीक्षा म्हणता म्हणता ती नुसती वाचनाच्या वेगाची परीक्षा होते.

माध्यम कोणते?

खासगी शाळा म्हणजे इंग्रजी शाळा, असे पुष्कळांना वाटते. इथे फार जपून. मराठीत 'क' हा 'क'च बोलतो. इंग्रजीत 'सी' हे एकच अक्षर 'कप' मध्ये 'क' बोलते आणि 'सिटी' मध्ये 'स' बोलते. ज्या मुलाला अक्षर-आवाजाची गाठच बसत नाही, त्याला हे ओझे दुप्पट होते. शिवाय घरी ती भाषा नाही. ऐकून समजणे हे त्याचे मोठे बळ, तेही हातचे जाते. इंग्रजी शिकू नये असे नाही. पण आधी मायबोलीत पाय रोवू द्या.

वसतिगृहात घालायचे असेल, तर आणखी विचार करा. दिवसभर वर्गात हिरमुसलेल्या मुलाला संध्याकाळी आईची कूस लागते.

पैसा आणि हक्क

शिक्षण हक्काचा कायदा 2009 सालचा आहे. 2010 पासून तो लागू आहे. या कायद्याखाली आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी देणगी मागता येत नाही आणि मुलाची चाळणी परीक्षाही घेता येत नाही. आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही.

याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या पायरीच्या वर्गात शंभरातल्या पंचवीस जागा गरीब व वंचित मुलांना मोफत आहेत. अर्ज दरवर्षी ऑनलाइन भरतात. पण एक अडचण ध्यानात घ्या. हा प्रवेश पहिलीला किंवा त्याआधी होतो, आणि अध्ययन अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षानंतर मिळतो. म्हणून तुमचा हक्क उत्पन्नावरून किंवा जातीवरून बसत असेल, तर अर्ज वेळेवर करा. दाखल्याची वाट पाहाल, तर गाडी निघून जाईल.

दुसरा कायदा दिव्यांगांच्या हक्कांचा, 2016 सालचा. त्यात अध्ययन अक्षमतेचे नाव स्पष्ट लिहिले आहे. परीक्षेत जादा वेळ, लिहून देणारा लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, अशा सवलतींची तरतूद त्यात आहे. दहावीच्या सवलतींसाठी शाळेमार्फत आधीच अर्ज करावा लागतो. दाखल्यावर चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व लिहिले असेल, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या सरकारी शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

म्हणजे फी भरली तरच पोर शिकेल, असे नाही. गावच्या शाळेत समजूतदार बाई असतील आणि तालुक्याचे विशेष शिक्षक नेमाने येत असतील, तर ती शाळा महागड्या शाळेपेक्षा बरी. वरचे सहा प्रश्न तिथेही विचारा. विकलेले शेत परत येत नाही. शाळा मात्र पारखून बदलता येते.

घरी काय करावे?

शाळा कोणतीही असो, घरचे काम चुकत नाही. परातीत बारीक वाळू पसरा. मुलाला बोटाने अक्षर काढू द्या आणि त्याचा आवाज मोठ्याने म्हणू द्या. रोज पंधरा मिनिटे पुरे, पण खंड नको. धडा तुम्ही वाचा, त्याने ऐकावा, मग त्याने अर्थ सांगावा. तुम्ही अडखळत वाचलेत तरी चालेल. मोठा माणूसही अडखळतो आणि तरी वाचतो, हे त्याला दिसेल.

आणि त्याला जे चांगले येते, ते काढून घेऊ नका. "वाचल्याशिवाय इंजिनला हात लावायचा नाही," असे म्हणू नका. त्या कामातच त्याची उमेद आहे. उमेद टिकली, तर उशिरा का होईना, अक्षरही लागेल.