तानाजीच्या गोष्टीवरून वाचायला कसे शिकवावे



आम्हा चौथीच्या मुलांना शिवछत्रपतींचा इतिहास आहे. तो ऐकायला सगळ्यांना आवडतो. पण वाचायला सांगितले की काही मुले खाली मान घालतात. माझा धाकटा भाऊ तिसरीत आहे, तोही त्यातलाच. आमचे आजोबा म्हणायचे, "ह्याला वाचाया येत न्हाई, मेंढरामागं धाडा." मला लई वाईट वाटायचे, कारण तानाजीची गोष्ट घरात त्यालाच सगळ्यात चांगली येते. मग गुरुजींनी त्याच गोष्टीवरून शिकवायची रीत सांगितली.

आधी पुस्तक उघडायचे नाही. गोष्ट तोंडी सांगायची. १६६५ साली पुरंदरच्या तहात कोंढाणा मोगलांना द्यावा लागला. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी रात्री मावळे घेऊन निघाला. मुलाचे, रायबाचे, लग्न बाजूला ठेवले. दोर लावून मावळे कडा चढले. तानाजी आणि किल्लेदार उदयभान दोघेही लढता लढता पडले. मग सूर्याजीने मावळ्यांना धीर दिला आणि गड घेतला. (घोरपडीची गोष्टपण मुले मागतात, पण ती दंतकथा आहे असे गुरुजी म्हणतात.)

मग चिठ्ठ्या करायच्या. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागे लिहिल्या. पहिला शब्द 'गड', त्याला काना नाही, मात्रा नाही. मग कडा, दोर, तानाजी, रायबा, मावळे. जोडाक्षरे सगळ्यात शेवटी: किल्ला, राज्य, छत्रपती. 'सूर्याजी'ला भाऊ रोज अडायचा. मी सांगितले, र उडी मारून 'या'च्या डोक्यावर चढलाय, मावळा तटावर चढतो तसा. तेव्हापासून अडत नाही.

एक गंमत बघा. गोष्ट पाठ असली की मूल न वाचताच घडाघडा बोलते. बोट एका शब्दावर आणि तोंड पुढच्या ओळीवर! म्हणून मी मुद्दाम लिहितो, "उदयभान दोर लावून कडा चढला." नुसते पाठ म्हणणारा 'मावळे' म्हणून मोकळा होतो. खरे वाचणारा हसतो आणि म्हणतो, "अरे, उदयभान तर आधीच वर होता!" भाऊ पहिल्यांदा हसला तेव्हा आजोबा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्याला चिठ्ठ्या काढायला लावल्या.

ज्या पालकांना वाचता येत नाही, त्यांनीही गोष्ट सांगावी, चिठ्ठी मुलाने शोधावी. दिवाळीत मातीचा किल्ला केला की त्यावर बुरूज, दरवाजा, टाके अशा पाट्या लावाव्यात. जाता-येता वाचले जाते.

भाऊ आता बाजीप्रभूंची गोष्ट मागतो. ती १६६० सालची. पण त्यात 'पन्हाळा' आहे, आणि 'न्ह' अजून यायचा आहे.

चिठ्ठ्यांचा डबा कपाटाजवळ ठेवला आहे. घरी न्या, पण परत आणा. 'छत्रपती'ची चिठ्ठी कोणीतरी नेलेली आहे.