जिन्याखालचं वाळवंट

हात लावू नकोस आत्ता, पोट भरतंय त्यांचं. लांबूनच बघ. भाटी आडवी झालीय आणि चौघं पिल्लं तिला चिकटलीत. तो पिवळा रोज त्याच आचळाला लागतो. जन्मल्यावर चार-दोन दिवसांतच ज्याचं त्याचं आचळ ठरून जातं, मग फारशी मारामारी होत नाही. आपल्या चाळीच्या नळावर एवढी शिस्त असती तर!

तुला पिवळाच हवाय, ठाऊक आहे मला. ‘तो’ म्हणालो, कारण पिवळ्या मांजरांत पाचातले चार बोके असतात. हा रंग एक्स गुणसूत्रावर बसतो. बोक्याकडे एक्स एकच, त्यावर पिवळा आला की झालं. भाटीला मात्र तो आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. एकाकडून पिवळा, दुसऱ्याकडून काळा आला तर? ती कोपऱ्यातली बघ, काळी-पिवळी-पांढरी. म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच निघते. निळ्या डोळ्यांवरही भाळू नकोस. या वयात सगळ्यांचेच निळे असतात. खरा रंग सहा-सात आठवड्यांनी उतरायला लागतो.

मी असतो तर रंग सोडून बाकीचं बघितलं असतं. डोळ्यांत चिपडं नकोत, नाक वाहतं नको, कानात काळा कोरडा भुगा नको. पाठीची हाडं वर आणि पोट टम्म, म्हणजे जंत. हे सगळं औषधाने बरं होतं म्हणा. पण जमिनीवर बोट घासलंस की कोण पुढे येतं आणि कोण फिस्कारून मागे सरतं, त्यावर औषध नाही. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी यावर बरंच काम केलं. दोन ते सात आठवड्यांच्या काळात माणसाचा हात लागला, तर पिल्लू माणसाळतं. पुढे ते जड जातं. तेव्हा भाटी दुपारी फिरायला गेली की इथे बसायचं आणि एकेकाला मांडीवर घ्यायचं. गोंधळ मात्र नको, नाहीतर ती पिल्लांना सात घरं फिरवायला निघेल.

घरी न्यायची घाई नको. निदान आठ आठवडे, बारा झाले तर उत्तमच. किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो, हे ती भावंडांशी झोंबताना शिकतात. एकट्याने लवकर आणलेलं पिल्लू तोच धडा आपल्या पोटऱ्यांवर गिरवतं.

अगं, बघ, पिवळा उठला! रंगकामवाल्यांच्या उरलेल्या वाळूत खड्डा खणतोय. शू झाली, आता माती लोटतोय. त्याला कुणी शिकवलं नाही. घरात एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे ठेवलास की निम्मं काम झालं. जेवणाच्या वाटीपासून लांब ठेव, एवढंच.

यांचं घराणं पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातलं. तिथे शेतकऱ्यांनी धान्य साठवलं, धान्यावर उंदीर आले, उंदरांमागून रानमांजर. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. त्या बेटावर मुळात मांजरं नव्हतीच. म्हणजे कुणीतरी होडीत घालून नेलं होतं की नाही?

कोरड्या मुलखातलं असल्याने ते पाणी थोडकंच पितं, शिकारीच्या मांसातून भागवतं. म्हणून नुसते कोरडे दाणे घालू नयेत, ओलं खाणंही द्यावं. आणि दूध? मांजर डोळे मिटून दूध पितं, हे खरं. पण आईचं दूध सुटलं की ते पचवायची ताकद ओसरते, आणि गाईच्या दुधाने पोट बिघडतं. बशीत पाणीच ठेव.

त्याला शिऱ्याचा घास देऊ नकोस, गोड त्याला लागतच नाही. गोडी ओळखायचं जनुक मांजरांत बिघडलेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्याच मोनेल केंद्रातल्या लोकांनी 2005 मध्ये दाखवलं. शिकाऱ्याला त्याचं काय अडतंय! टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मात्र मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं, आणि टॉरिन दिलं की सावरतं. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून हे 1987 मध्ये कळलं.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत. मग सोळा आठवडे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, कारण आईच्या दुधातून आलेलं संरक्षण असेतो लस नीट लागू पडत नाही, आणि ते प्रत्येकात वेगवेगळ्या दिवशी ओसरतं. रेबीजची लस बाराव्या आठवड्यानंतर. आणि माझ्या तापाच्या गोळ्या कपाटात कुलपात जातील. मांजराचं यकृत पॅरासिटामॉल निपटू शकत नाही. एका गोळीनेही जीव जातो.

राहिला एकच प्रश्न. आपल्या घरात मासळी शिजत नाही, आणि वरणभातावर हा जगणार नाही. फ्रिजमधला खालचा कप्पा त्याच्या डब्यांना लागेल. आजीला ते सांगायचं काम तुझं. मी तेव्हा फिरायला गेलेला असेन.