पीयूसी म्हणजे पावती नव्हे!

धुराची तपासणी ही आपल्याकडे तपासणी राहिलेली नसून नुसती पावती होऊन बसली आहे, असे आम्ही म्हटले तर बारामती-इंदापुरातील किती मोटारमालक आम्हांस खोटे ठरविण्यास पुढे येतील? गाडी घरी आणि दाखला खिशात, हा चमत्कार कोणी पाहिला नाही!

आणि ज्या मर्यादेसाठी ही लपवाछपवी चालते, ती तरी केवढी? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमाप्रमाणे ‘भारत स्टेज-२’ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीचे इंजिन जागच्या जागी मंद फिरत असता धुरात कार्बन मोनॉक्साईड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन दहा लाखांत १,५०० भागांपर्यंत चालतात. धडधाकट इंजिनाची जुनी प्रीमियर पद्मिनी ही परीक्षा सहज उतरेल. इंदापूर तालुक्यास तर त्या गाडीचा जिव्हाळा असावा. ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली.

मग गाडी नापास का होते? बहुधा क्षुल्लक कारणाने. उसाच्या हंगामात रस्त्यावर उडणारी धूळ एअर फिल्टरमध्ये बसते. हवा कमी पडते, पेट्रोल जादा होते आणि काळा धूर निघतो. म्हणून प्रथम फिल्टर, मग प्लग, पॉइंट व टायमिंग पाहावे, आणि कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा. आपले मिस्त्री नेमके उलटे करतात. केंद्राच्या दारात स्क्रू आवळायचा, दाखला घ्यायचा आणि कोपऱ्यावर पुन्हा सैल करायचा! शिवाय स्क्रू फार आवळला तर मिश्रण पेट घेत नाही आणि न जळलेले पेट्रोल हायड्रोकार्बनच्या रूपाने बाहेर पडते. धूर निळसर असेल तर ऑईल जळत आहे. तेथे स्क्रू काय करणार? रिंगा बदलण्याचा खर्च सोसावाच लागेल.

कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. भिगवण चौकात दिवसभर उभ्या असणाऱ्या फळविक्रेत्यास तो कळतही नाही. वैध दाखला नसल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो. पण खोट्या दाखल्याने दंड चुकेल, त्या विक्रेत्याचा श्वास कसा सुटेल?

इंजिन चांगले तापवून, चोक बंद करून, फुटका सायलेन्सर आधी सांधून गाडी स्वतः केंद्रावर न्यावी. दाखल्यावर मोजलेला आकडा छापलेला असतो, तो वाचावा. तो २.९ असेल तर पुढच्या सहा महिन्यांची वाट न पाहता त्याच आठवड्यात गाडी मिस्त्रीकडे द्यावी.