उजव्या हृदयाचा रक्तदाब

वाराणसीच्या लंका भागात काशी हिंदू विश्वविद्यालयाचे महाद्वार आहे. त्यातून आत गेले की सर सुंदरलाल रुग्णालय लागते. पूर्व उत्तर प्रदेश आणि लगतच्या बिहारमधून रुग्ण येथे येतात. त्यांत धाप लागणाऱ्या प्रौढ स्त्रियाही असतात. त्यांपैकी कित्येकींचे आयुष्य गोवऱ्या आणि लाकडे जाळणाऱ्या चुलीपुढे गेलेले असते. घरची मंडळी म्हणतात, दमा आहे, शिवाय वयही झाले. दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला, तर तो पुष्कळदा ठीक निघतो. तरीही पाय सुजतात आणि घाटाच्या चार पायऱ्या चढणे जड जाते.

याचे कारण असे, की आपल्या शरीरात रक्ताचे दोन फेरे चालतात. हृदयाची डावी बाजू सर्व शरीराला रक्त पुरवते आणि दंडावरचा पट्टा तिचाच दाब मोजतो. उजवी बाजू केवळ फुफ्फुसांना रक्त पाठवते. हा मार्ग आखूड आणि सैल असल्यामुळे तेथे थोडा दाब पुरतो. डावीकडे हृदयाच्या ठोक्यासरशी दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत चढतो, तर उजवीकडे तो साधारण २५ पर्यंत जातो. म्हणूनच उजव्या निलयाची, म्हणजे खालच्या कप्प्याची, भिंत पातळ असते. धुराने किंवा अन्य कारणाने फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, की या पातळ भिंतीवर न पेलणारा भार पडतो. कप्पा फुगतो, थकतो. आणि पट्ट्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

दिल्लीत डॉ. एस. पद्मावती यांनी फुफ्फुसविकारामुळे खचलेल्या अशा हृदयांचा अभ्यास करून तो १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. स्त्रियांत धूम्रपान फार कमी असूनही हा आजार त्यांच्यात पुरुषांच्या बरोबरीने आढळला. संशय स्वयंपाकघरातील धुराकडे वळला. सिगारेट न ओढणारी गृहिणी रुग्ण असू शकते, ही गोष्ट त्या काळी सहज सुचण्याजोगी नव्हती.

हा दाब मोजण्याचा जुना मार्ग म्हणजे शिरेतून बारीक नळी हृदयात नेणे. जर्मनीत फोर्समन यांनी १९२९ मध्ये स्वतःच्याच हृदयापर्यंत अशी नळी पोहोचवली होती. पुढे कुर्नांद आणि रिचर्ड्स यांनी ही पद्धत विकसित केली आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून दिले गेले. परंतु प्रत्येक धाप लागणाऱ्या माणसाच्या हृदयात नळी कशी घालणार?

तोड निघाली ध्वनीतून. जहाजबांधणीच्या कारखान्यांत धातूतील भेगा शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरीत. स्वीडनमधील एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये तो हृदयावर वळवला. लोक आज ज्याला ‘टू-डी इको’ म्हणतात, त्याचा उगम येथे आहे. छातीवर यंत्राचे टोक टेकवले, की परतणाऱ्या प्रतिध्वनींतून हृदयाचे हलते चित्र उमटते. उजवा कप्पा किती फुगला, मधला पडदा डावीकडे दबला आहे का, हे डोळ्यांनी दिसते.

पण चित्रावरून दाब कसा कळावा? येथे एक दोषच कामी येतो. उजव्या अलिंद आणि निलय यांमधील त्रिदली झडप बहुतेकांची किंचित गळते. निलयातील दाब जितका अधिक, तितकी ही उलटी धार वेगवान. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढा वाटतो, त्याच डॉप्लर परिणामाने धारेचा वेग मोजता येतो. सेकंदाला इतके मीटर असा जो वेग मिळेल, त्याचा वर्ग करून त्याला ४ ने गुणायचे. वेग ३ असेल तर ३६. त्यात अलिंदातील दाब, समजा ५, मिळवला की ४१ होतात. हे ५ कोठून येतात? रुग्णाला नाकाने जोरात श्वास ओढायला सांगतात आणि हृदयाकडे येणारी मोठी शीर किती आकसते, यावरून तो अंदाज बांधतात.

अंदाज हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ध्वनीची रेषा धारेला तिरकी पडली, तर वेग कमी भरतो, आणि वर्ग केल्यामुळे चूक वाढते: खरा वेग ४ असता ६४ यायचे, ३.६ वाचला गेला तर ५२ च येतात. कुणाची झडप गळतच नाही. मग धारही नाही. म्हणून वेग २.८ च्या आत असला तरी डॉक्टर कप्प्यांचा आकार पाहिल्यावाचून रुग्णाला घरी धाडत नाहीत.

इकोचा आणखी एक उपयोग मला याहून मोठा वाटतो. संधिवाताच्या तापाने डावीकडची द्विदली झडप अरुंद झाली, तरी रक्त मागे तुंबून फुफ्फुसांतला दाब वाढतो. धाप तीच, सूज तीच. उपाय मात्र निराळा, कारण अशी झडप अनेकदा फुग्याने रुंद करता येते. इकोत ती झडप समोरच दिसते. दोष डावीकडे नसेल, तर रोख फुफ्फुसांकडे वळतो. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांवरील खास औषधे देण्यापूर्वी मात्र आजही नळी घालूनच दाब मोजतात; सरासरी २० मिलिमीटरच्या वर गेली, तरच निदान पक्के धरतात.