फाट्यावर बघूनही गाडी ‘दिसत नाही’, असं का होतं? डोळा कुठं वळवायचा हे मेंदू कसं ठरवतो, वाचा

फाट्यावर अपघात झाला की गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. “मी दोन्हीकडं बघितलं होतं हो, पण मोटारसायकल दिसलीच नाही.” ऐकणारे चिडतात. एवढी गाडी येतेय आणि दिसत नाही म्हणजे काय, डोळे मिटले होते का, असं म्हणतात. काही वेळा माणूस खोटं बोलतही असेल. पण बऱ्याचदा तो खरं सांगत असतो. त्यानं मान वळवलेली असते, डोळे उघडे असतात, गाडी समोर असते, तरीही ती दिसलेली नसते. रस्ते अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रकार चांगला माहीत आहे. ‘बघितलं, पण दिसलं नाही’ असंच ते त्याला म्हणतात.

चूक नजरेची म्हणावी तर चष्मा नसलेल्या, तरण्याताठ्या माणसाच्या बाबतीतही हे घडतं. खरं कारण थोडं आत आहे. डोळा कुठं वळवायचा, हे मेंदू ठरवतो. मेंदूनं जी जागा निवडली नाही, तिथलं आपल्याला नीट दिसतच नाही.

स्पष्ट दिसतं ते फक्त अंगठ्याएवढं

एक हात समोर सरळ ताठ करा आणि अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतच आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक बारीकसा भाग आहे, बारकावे टिपायचं काम तो करतो. बाकीच्या पडद्याला कडेचं अंधुक दिसतं. काहीतरी हललं, काहीतरी चमकलं, एवढं त्याला चांगलं कळतं. पण ते नेमकं काय, हे कळत नाही.

खात्री करायची असेल तर आत्ता मोबाईलवर हे वाचताना एका शब्दावर नजर रोखून धरा. नजर न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचून बघा. जमत नाही.

म्हणून डोळ्याला सारख्या उड्या माराव्या लागतात. जागेपणी आपले डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी घेतात. दिवसाकाठी हा आकडा लाखाच्या वर जातो. उडी चालू असताना मेंदू मधलं पुसट चित्र दाबून टाकतो, त्यामुळं आपल्याला उडी जाणवत नाही. आरशासमोर उभं राहून आधी स्वतःचा डावा डोळा बघा, मग उजवा बघा. डोळे हलताना दिसणार नाहीत. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं तेच करताना व्हिडिओ काढा आणि नंतर बघा. डोळे टणकन उडालेले दिसतील.

म्हणजे मान फिरवत फाट्यावर दोन्हीकडं झरकन बघितलं, तर मधल्या दोन-चार जागांवरच डोळा टेकलेला असतो. बाकी रस्ता मेंदूनं अंदाजानं भरून घेतलेला असतो. त्या अंदाजात मोटारसायकल नसेल, तर ती दिसत नाही.

मेंदूत लिलाव चालतो

पुढची उडी कुठं मारायची, हे कोण ठरवतं? बाजार समितीतला कांद्याचा लिलाव डोळ्यापुढं आणा. एका वाहनातला माल एकालाच मिळतो. बोली अनेक लागतात, ज्याची मोठी त्याला माल. डोळ्याचंही तसंच आहे. दोन्ही डोळे मिळून एका वेळी एकाच जागी जाऊ शकतात. समोरची प्रत्येक गोष्ट त्या उडीसाठी बोली लावत असते.

हा लिलाव मेंदूत बऱ्याच ठिकाणी चालतो. त्यातली महत्त्वाची जागा म्हणजे मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूला असलेले दोन लहानसे उंचवटे. त्यांना ‘सुपीरियर कोलिक्युलस’ म्हणतात. तिथं समोरच्या दृश्याचा जणू गावनकाशा मांडलेला असतो. १९७२ साली अमेरिकेत डेव्हिड रॉबिन्सन या शास्त्रज्ञानं माकडांच्या या भागात एका ठिकाणी विजेचा अगदी बारीक झटका दिला. डोळा एका ठराविक दिशेला, ठराविक अंतरावर उडाला. झटक्याची जागा बदलली की उडीही बदलली. त्याच साली रॉबर्ट वुर्ट्झ आणि मायकेल गोल्डबर्ग यांना दिसलं, की माकड ज्या जागेकडं बघायच्या बेतात असतं, त्या जागेच्या पेशी नुसतं दिसण्यापेक्षा जास्त जोरात काम करतात. म्हणजे त्या जागेची बोली चढलेली असते.

मेंदूच्या पुढच्या भागातही असाच एक नकाशा आहे. वेगळी वस्तू शोधायची असली की तिथल्या पेशी सुरुवातीला सगळ्याच वस्तूंना सारखी दाद देतात. थोड्याच वेळात हव्या त्या वस्तूची बोली वर चढते, बाकीच्या खाली पडतात. बोली एका पातळीवर पोहोचली की डोळा उडतो. या सगळ्याला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो.

लिलावाला ब्रेकही आहे. मेंदूचा एक खोल भाग त्या उंचवट्यांवर सतत ब्रेक दाबून ठेवतो, आणि उडी मारायची वेळ आली की तेवढ्यापुरता सोडतो. ओकिहिदे हिकोसाका आणि वुर्ट्झ यांनी १९८० च्या दशकात हे दाखवलं. औषध टोचून तो ब्रेक सैल केला, तेव्हा माकडाला नजर एका जागी धरता येईना.

बोली दोन तऱ्हेची

पहिली बोली बाहेरून येते. जे चमकतं, हलतं, आजूबाजूपेक्षा वेगळं असतं, ते डोळ्याला ओढतं. हिरव्या रानात लाल साडी लगेच दिसते. अंधारात मोबाईलचा पडदा उजळला की नको म्हटलं तरी डोळा तिकडं जातो.

दुसरी बोली आतून येते. आपल्याला काय हवंय, मनात कोणता प्रश्न आहे, यावर ती ठरते. सोव्हिएत रशियातल्या आल्फ्रेड यार्बस या शास्त्रज्ञानं हे फार चांगलं दाखवलं. इल्या रेपिन या चित्रकाराचं एक चित्र आहे. हद्दपारीतून परतलेला माणूस अचानक घरात येतो आणि घरचे थक्क होऊन बघतात. यार्बसनं डोळ्यावर छोटी टोपी बसवून नजरेचा माग काढला. तोच माणूस, तेच चित्र, दर वेळी प्रश्न वेगळा. यांची वयं सांग म्हटलं, की नजर चेहऱ्यांवर फिरली. कपडे लक्षात ठेव म्हटलं, की नजर कपड्यांवर गेली. घरची परिस्थिती कशी असेल विचारलं, तर कपड्यांबरोबर घरातलं सामानसुमानही बघितलं गेलं. चित्र बदललं नव्हतं. मनातला प्रश्न बदलला होता.

सवयीनं ही आतली बोली आणखी तयार होते. २००० साली इंग्लंडमध्ये मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा लावून त्यांची नजर तपासली. फलंदाज चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेवतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. प्रत्यक्षात चेंडू सुटताना तो बघतो, मग नजर एकदम पुढं उडी मारते आणि टप्पा जिथं पडणार तिथं जाऊन थांबते. चांगल्या फलंदाजाची नजर तिथं लवकर पोहोचते.

शेतातही हेच चालतं. कपाशीच्या शेतात नवखा माणूस शिरला तर त्याला सगळी फुलं सारखीच दिसतात. जाणता शेतकरी चालता चालता डोमकळी वेचून काढतो आणि आत गुलाबी बोंडअळी दाखवतो. त्याचे डोळे काही वेगळे नाहीत. काय शोधायचं, हे त्याच्या मेंदूला माहीत आहे.

मोटारसायकल लिलावात का हरते?

आता परत फाट्यावर या. ट्रॅक्टरवाला डांबरी रस्त्यावर चढतोय. त्याच्या मनात प्रश्न असतो, मोठी गाडी येतेय का? ट्रक, एसटी, चारचाकी यांची बोली मोठी लागते. समोरून येणारी मोटारसायकल अरुंद असते, लांबून एका रेघेएवढी दिसते. मागं झाडं असली की त्यात मिसळून जाते.

त्यात आणखी एक घात आहे. दोन गाड्या एकाच वेगानं चालत एकाच जागी येऊन धडकणार असतील, तर समोरची गाडी आपल्या नजरेत एकाच जागी थांबल्यासारखी दिसते. ती डावी-उजवीकडं सरकत नाही, फक्त हळूहळू मोठी होते. कडेच्या नजरेला हालचाल चांगली कळते, पण इथं हालचालच दिसत नाही. म्हणजे जी गाडी सगळ्यात धोक्याची, तिचीच बोली सगळ्यात कमी. चारचाकीत काचेच्या कडेच्या खांबाआड ती पूर्ण झाकली जाऊ शकते.

ताशी ६० किलोमीटरनं येणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढं येते. एका सेकंदात डोळ्याच्या उड्या होतात तीन. त्या तीनही चुकल्या तर पुढं काय होतं, हे सांगायची गरज नाही. मन फोनवर गुंतलं असेल तर डोळा नेमका गाडीवर पडूनही ती ध्यानात येत नाही.

१ एप्रिल २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही चालू राहतो, तो यासाठीच. सुरुवातीला लोक हात हलवून “लाइट चालू आहे” म्हणून सांगायचे. तो दिवा चालवणाऱ्याला दिसावं म्हणून नाही, तर चालवणारा इतरांना दिसावा म्हणून आहे. दिव्यामुळं दुचाकीची बोली वाढते. उसाच्या ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागून लाल रिफ्लेक्टर लावायचं कारणही हेच. अंधारात बिनारिफ्लेक्टरची ट्रॉली मागच्याच्या लिलावात उतरतच नाही.

घोणस पाचोळ्यात का दिसत नाही?

घोणस पाचोळ्याच्या रंगाची असते आणि निपचित पडून राहते. रंग वेगळा नाही, हालचाल नाही, म्हणून बाहेरची बोली शून्य. रात्री पाणी धरायला जाताना बॅटरी भराभरा फिरवली तर डोळ्याच्या उड्यांमध्ये ती सहज सुटते. उजेड पायापुढं ठेवून सावकाश फिरवा. मनात ‘पाचोळ्यात साखळीसारखे गोल तपकिरी ठिपके’ शोधा. पायात गमबूट हवेतच, कारण नजर कितीही तयार असली तरी कधीतरी चुकते.

निवडच बिघडते तेव्हा

मेंदूच्या उजव्या बाजूला अर्धांगवायूचा झटका आला, तर काही रुग्णांचं डाव्या बाजूकडं लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, पण डावीकडची बोली लागत नाही. असा माणूस ताटातलं उजवीकडचं जेवतो, डावीकडचं तसंच ठेवतो. घरच्यांना वाटतं हट्ट करतोय. तो हट्ट नाही, आजाराचा भाग आहे. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. आणि झटक्याची शंका आली की वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

काचबिंदूत हळूहळू कडेची नजर जाते. पुढची उडी कुठं मारायची हे कडेच्या नजरेवरून ठरतं, त्यामुळं असा माणूस वस्तूंना, माणसांना धडकू लागतो. समोरचं स्पष्ट दिसत असल्यानं बराच काळ त्याला काही कळत नाही. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्या. गेलेली नजर परत येत नाही.

फाट्यावर हे करा

१. गाडी पूर्ण थांबवा. चालत्या गाडीतून नुसती मान फिरवू नका.

२. आधी उजवीकडं, मग डावीकडं, परत उजवीकडं बघा. एकदा बघितलेल्या जागी मेंदू लगेच परत जायला नाखूष असतो, म्हणून दुसऱ्यांदा मुद्दाम बघावं लागतं.

३. प्रत्येक बाजूला नजर जवळ, मध्ये आणि लांब अशी तीन ठिकाणी क्षणभर टेकवा.

४. चारचाकीत आणि केबिनच्या ट्रॅक्टरमध्ये डोकं थोडं पुढं-मागं करून खांबाआडचं बघा.

५. दुचाकी जुनी असेल तर दिवसाही दिवा लावा. ट्रॉलीचे रिफ्लेक्टर चिखलानं झाकले असतील तर पुसा.

६. आणि रस्त्यावर चढण्याआधी मनात एकच प्रश्न विचारा, “मोटारसायकल कुठंय?” प्रश्न बदलला की नजर बदलते. त्यावर गावातलं एखादं पोरगं संध्याकाळी घरी पोहोचायचं की नाही, हे ठरू शकतं.