विजेची शेगडी हाताळताना...

- प्रतिनिधी

महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांत गॅसच्या शेजारी विजेची शेगडी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. शिक्षणासाठी शहरात आलेले विद्यार्थी, नोकरीनिमित्त एकटे राहणारे तरुण, सिलिंडर उचलणे जड जाणारी वृद्ध दांपत्ये अशा अनेकांना ही शेगडी सोयीची वाटते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'गो इलेक्ट्रिक' मोहिमेतही विजेवरील वाहनांच्या जोडीने विजेवरील स्वयंपाकाचा पुरस्कार करण्यात आला होता. धूर नाही, ज्योत नाही, काजळी नाही. बटण दाबले की काम सुरू!

मात्र गॅसबाबतची जी सावधगिरी आपल्या घरांत दोन पिढ्यांत मुरली, ती विजेच्या शेगडीबाबत अद्याप मुरलेली नाही. गॅस गळू लागला की वास येतो, पेटला की ज्योत दिसते. वीज मात्र दिसत नाही आणि तिला वासही नसतो. वास आलाच, तर तो बहुधा वितळू लागलेल्या वायरचा असतो आणि तोवर उशीर होत आलेला असतो. म्हणूनच ही शेगडी काम कशी करते आणि धोका नेमका कोठे असतो, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

शेगडीचे प्रकार

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकारच्या शेगड्या मिळतात. पहिली उघड्या कॉइलची. चिनी मातीच्या खाचांत बसवलेली नायक्रोमची, म्हणजे निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूची तार विजेने लाल होते आणि भांडे तापवते. दुसऱ्या प्रकारात ही तार ओतीव लोखंडाच्या तबकडीखाली किंवा काचेसारख्या सिरॅमिक पत्र्याखाली झाकलेली असते. 'हॉट प्लेट' किंवा 'इन्फ्रारेड' या नावांनी विकल्या जाणाऱ्या शेगड्या या गटातल्या.

तिसरी इंडक्शनची. तिच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. घरात येणारी वीज ५० हर्ट्झची असते. शेगडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिचे रूपांतर २० हजार हर्ट्झहून अधिक वारंवारितेच्या प्रवाहात करते. त्यामुळे वेटोळ्याभोवती वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते, भांड्याच्या बुडात विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि भांडे स्वतःच तापते. काच तापते ती भांड्यामुळे. ज्योत नसल्यामुळे ती गार आहे असे वाटते. भांडे उतरवल्यानंतरही काही मिनिटे ती हात भाजण्याइतकी गरम असते, हे घरातील लहान मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे.

उघडी तार म्हणजे उघडी वीज

तिन्ही प्रकारांत सर्वाधिक धोका उघड्या कॉइलच्या शेगडीला असतो, आणि स्वस्त असल्याने भाड्याच्या खोल्यांत व वसतिगृहांत तीच अधिक वापरली जाते. तापलेल्या तारेत २३० व्होल्टचा दाब असतो. भांड्याचे बूड, उलथणे किंवा पकड या तारेला टेकली, की वीज थेट धातूत उतरते. दूध उतू गेले, आमटी सांडली, तरी तेच घडू शकते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे बटण बंद केल्यावरही तारेत वीज असू शकते. बटण नेहमी फेजच्या वायरवर असावे लागते. काही जुन्या घरांत ते चुकून न्यूट्रलवर बसवलेले असते. अशा वेळी शेगडी विझते, पण तारेतील दाब कायम राहतो. शेगडीला दोन पिनांचा प्लग असेल, तर तो उलटा बसल्यानेही हाच प्रकार घडतो. तेव्हा उघड्या कॉइलची शेगडी पुसण्यापूर्वी किंवा तिच्यावरील भांड्यात धातूचा चमचा घालण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढणे, हाच खात्रीचा मार्ग होय. शक्य असल्यास ही शेगडी बाद करून झाकलेल्या प्रकाराची शेगडी घ्यावी आणि खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे.

गणित बटणामागच्या वायरचे

शेगडीमुळे लागणाऱ्या आगींचा विचार करताना आपले लक्ष शेगडीकडे जाते. पण बऱ्याचदा दोष भिंतीत असतो. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढते. मोबाइल किंवा टेबल फॅनसाठी असलेले लहान सॉकेट केवळ ६ अँपिअरचे असते. त्यात 'कन्व्हर्टर' प्लग लावून शेगडी चालवणे म्हणजे सॉकेटवर दीडपट बोजा टाकणे. मोठी शेगडी १६ अँपिअरच्या, म्हणजे जाड तीन पिनांच्या 'पॉवर' सॉकेटवरच लावावी.

वायरमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह तिप्पट झाला, तर उष्णता नऊपट होते. दिव्यांसाठी टाकलेली बारीक वायर शेगडीला का पुरत नाही, याचे उत्तर येथे आहे. पॉवर सॉकेटपर्यंत किमान २.५ चौरस मिलिमीटरची, आणि अंतर वा भार जास्त असल्यास ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी.

सैल पडलेली जोडणी तर अधिकच घातक. सॉकेटमधील पिन सैल बसून तेथे अवघा अर्धा ओहम अवरोध निर्माण झाला, तरी ८.७ अँपिअरच्या प्रवाहाला त्या एका बिंदूवर सुमारे ३८ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडील डाग देण्याची सळई साधारण २५ वॉटची असते आणि ती शिसे-कथलाचा डाग सहज वितळवते, हे लक्षात घेतले म्हणजे प्लास्टिकचे सॉकेट का वितळते, ते कळते! स्वयंपाक झाल्यावर प्लग काढून त्याच्या पिनांजवळ हात नेऊन पाहावा. पिना चटका देण्याइतक्या गरम असतील, सॉकेटवर तपकिरी डाग पडला असेल किंवा बटणातून चरचर आवाज येत असेल, तर शेगडी बंद ठेवून परवानाधारक वायरमनला बोलवावे. एक्स्टेन्शन बोर्डावर शेगडी लावणे टाळावे. गुंडाळी करून ठेवलेली वायर तर स्वतःच्याच उष्णतेने आतून वितळते.

सकाळच्या घाईत गीझर, शेगडी आणि मिक्सर एकाच वेळी सुरू असतात. दोन हजार वॉटची दोन उपकरणे आणि पाचशे वॉटचा मिक्सर धरला, तरी प्रवाह १९ अँपिअरच्या पुढे जातो. जुन्या चाळींतील वायरिंग अशा बोजासाठी केलेले नव्हते. महावितरणच्या वीजबिलावर आपला 'मंजूर भार' छापलेला असतो. शेगडी घेण्यापूर्वी तो पाहावा आणि कमी पडत असल्यास वाढवून घ्यावा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्या जागी जास्त क्षमतेचा एमसीबी बसवणे हा उपाय नव्हे. कारण मग एमसीबी पडत नाही, वायर जळते.

अर्थिंगला पर्याय नाही

तीन पिनांपैकी वरची जाड, लांब पिन अर्थिंगची असते. शेगडीच्या आतील वायर सुटून धातूच्या सांगाड्याला लागली, तर वीज याच वाटेने जमिनीत जाते. ही वाट नसेल, तर सांगाड्याला हात लावणारा माणूस ती वाट बनतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून ओले हात पुसत पुसत स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीला हा धोका सर्वाधिक. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तेव्हा तो आणखी वाढतो. भिंतीत तिसरे भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असे मात्र समजू नये. अनेक ठिकाणी त्या भोकामागे वायरच जोडलेली नसते. वायरमनकडून ती तपासून घ्यावी.

अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवा. एमसीबी वायरचे रक्षण करतो, माणसाचे नाही. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून परत येते की नाही, हे पाहतो. घरगुती वापरासाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची गळती होताच क्षणार्धात पुरवठा तोडतो. अर्थिंग नीट असेल, तर शेगडीला कोणाचा हात लागण्यापूर्वीच दोष उघड होतो आणि पुरवठा खंडित होतो. आरसीसीबीवर 'टी' अक्षराचे छोटे बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहावे. वीज गेली, तर उपकरण शाबूत आहे असे समजावे.

भांडे कोणते चालते?

इंडक्शनवर भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटले पाहिजे. लोखंडी तवा, बिडाचे भांडे आणि 'इंडक्शन बेस' असलेली स्टीलची भांडी चालतात. नुसती अॅल्युमिनियमची कढई, तांब्या-पितळेचे पातेले, मातीचे भांडे तापत नाही. बूड सपाट हवे. गोल बुडाची कढई काचेला पुरेशी टेकत नाही.

फोडणीचे पळे लहान बुडाचे असल्यास शेगडी ते ओळखत नाही, आणि ओळखले तर तेल पाहता पाहता तापते. गॅसच्या सवयीने आधी भांडे ठेवून मग मोहरीचा डबा शोधण्याची पद्धत येथे महागात पडू शकते. साहित्य हाताशी घेऊन, मध्यम तापमानावर फोडणी करावी. रिकामे भांडे पूर्ण शक्तीवर ठेवू नये. शेगडीवर चमचे, झाकणे, सुरी ठेवू नये. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने इंडक्शन वापरण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा व चालू शेगडीपासून साधारण दोन फुटांचे अंतर राखावे.

जागा आणि हवा

इंडक्शनच्या पोटात पंखा असतो. तो खालून हवा ओढून बाजूने बाहेर टाकतो. वर्तमानपत्र, प्लास्टिकचा कागद किंवा मेणकापड अंथरून त्यावर शेगडी ठेवली, की हवेची वाट बंद होते. जागेअभावी गॅसच्या शेगडीवरच इंडक्शन ठेवण्याची पद्धतही चुकीची. खालचा बर्नर चुकून सुरू राहिला, तर होणाऱ्या अनर्थाची कल्पना करवत नाही. स्वयंपाक संपताच भिंतीवरचे बटण बंद करू नये. आधी शेगडीवरील बटण दाबावे, पंखा थांबू द्यावा आणि मगच मुख्य बटण बंद करून प्लग काढावा.

स्वच्छता कशी राखावी?

शेगडी गार झाल्यावर, प्लग काढून, पिळून घेतलेल्या मऊ फडक्याने पुसावी. तारेची घासणी किंवा खरखरीत पावडर वापरल्यास काचेवर ओरखडे पडतात. शेगडी नळाखाली कधीही धरू नये. गुळाचा किंवा साखरेचा पाक सांडल्यास मात्र थांबून चालत नाही. तो थंड होऊन घट्ट चिकटला, तर काढताना काचेचा टवका निघू शकतो. शेगडी बंद करून, हात जपून, पाक कोमट असतानाच लाकडी वा प्लास्टिकच्या उलथण्याने तो सोडवावा.

हवेच्या जाळीत पीठ, केस, तेलकट धूळ साचते. उबेमुळे झुरळे आणि मुंग्याही आत शिरतात व सर्किटवर बिघाड करतात. जाळी कोरड्या ब्रशने झाडावी आणि शेगडी रात्री झाकून ठेवावी. काचेला बारीकशी चीर गेली, तरी शेगडी वापरू नये. त्या चिरेतून उतू गेलेले दूध थेट विजेच्या भागापर्यंत पोहोचते. चिकटपट्टी लावून काम भागवणे जिवावर बेतू शकते.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना भाड्याच्या घरांत ओव्हनसह चार चुलींची शेगडी मिळते. ती २४० व्होल्टवर, स्वतंत्र जोडणीवर चालते. तिचा ओव्हनचा दरवाजा उघडून त्यावर मूल चढले किंवा जड भांडे ठेवले, तर अख्खी शेगडी पुढे कलंडू शकते. ते टाळण्यासाठी मागच्या पायाला भिंतीशी किंवा जमिनीशी जखडणारी पट्टी असते. घरात राहायला जाताच ती बसवलेली आहे ना, हे पाहावे. ओव्हनमध्ये भांडी साठवण्याची सवय असल्यास ओव्हन सुरू करण्यापूर्वी तो उघडून पाहण्याचीही सवय लावून घ्यावी.

बिलाचा हिशेब

दोन हजार वॉटची शेगडी पूर्ण शक्तीवर अर्धा तास चालली, तर एक युनिट वीज लागते. दोन लिटर पाणी इंडक्शनवर उकळायला साधारण सहा-सात मिनिटे, म्हणजे सुमारे एक पंचमांश युनिट पुरते. झाकण ठेवणे, उकळी आल्यावर शक्ती कमी करणे आणि कुकरचा वापर, एवढ्यानेही बिल आटोक्यात राहते.

अपघात झालाच तर...

कढईतील तेलाने पेट घेतल्यास पाणी अजिबात ओतू नये. पाणी तेलाच्या तळाशी जाऊन क्षणात वाफ होते, वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा व्यापते आणि पेटते तेल चहूकडे उडते. शक्य असल्यास वीज बंद करावी, बाजूने सरकवत घट्ट झाकण ठेवावे आणि कढई गार होईपर्यंत ते उचलू नये. पेटलेली कढई उचलून मोरीकडे धावू नये. शेगडी किंवा वायर पेटली, तर आधी मेन स्विच बंद करावा. आग आटोक्यात येत नसल्यास घराबाहेर पडून १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.

कोणाला शॉक बसून ती व्यक्ती शेगडीला चिकटली असेल, तर तिला हाताने ओढू नये, ओढणाराही सापडतो. मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तिला दूर ढकलावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असल्यास, प्रशिक्षण घेतलेल्याने छातीवर दाब देण्यास तत्काळ सुरुवात करावी. व्यक्ती शुद्धीवर आली, बोलू लागली, तरी तिला डॉक्टरांना दाखवावेच. विजेच्या धक्क्याचा हृदयावरील परिणाम बाहेरून दिसत नाही.

हे लक्षात ठेवा

* शेगडी १६ अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवरच लावा.

* अर्थिंग आणि आरसीसीबी तपासून घ्या.

* ओल्या हाताने प्लग वा बटण हाताळू नका. पायात कोरडी रबरी चप्पल ठेवा.

* तेल तापत असताना ओट्यापासून दूर जाऊ नका.

* प्लगच्या पिना गरम होत असतील, तर वापर थांबवा.

* चिरलेल्या काचेची शेगडी दुरुस्तीशिवाय वापरू नका.

नवी शेगडी घरी आणताना तिच्या किमतीबरोबर वायरमनच्या एका फेरीचा खर्चही धरावा. शेगडी किती सुरक्षित आहे, हे अखेर भिंतीतील वायरिंगवरही ठरते.