धोटा चालतो आहे का?

सोलापूरच्या माणसाला माग चालू आहे की बंद, हे आत डोकावून पाहावे लागत नाही. पूर्व भागातल्या गल्लीतून जाताना खटखट कानी आली, की धोटा धावतो आहे असे समजावे. संगणकाची तऱ्हा न्यारी. तो कामात असताना गप्प, आणि काम अडले तरी गप्पच! मग घरातली मंडळी त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे पाहत बसतात.

विंडोज ९५ बरोबर १९९५ साली पडद्याच्या तळाशी टास्कबार नावाची पट्टी आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे २००१ च्या एक्सपीमध्ये पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात दोन चिमुकले संगणक लुकलुकत. एक उजळला की माहिती बाहेर चालली, दुसरा उजळला की आत आली. धोटाच तो! २००९ च्या विंडोज ७ ने ही लुकलुक काढून टाकली आणि तिच्या जागी ठोकळेबाज रेघा ठेवल्या. चित्र देखणे झाले खरे, पण कामाचे राहिले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण त्या रेघा सांगतात तरी काय? तुमचा संगणक आणि तुमच्याच घरातला राउटर यांच्यातला संकेत किती जोरकस आहे, एवढेच. राउटरच्या पलीकडची तार तुटली तरी रेघा भरलेल्याच. कित्येक वर्षे तीन-चार दिवसांआड पाणी भरलेल्या सोलापूरकराला, नळ चकचकीत असला म्हणजे पाणी असतेच असे नाही, हे वेगळे सांगायला नको. विंडोज अधूनमधून मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून छोटीशी चिठ्ठी मागवून पाहते. ती आली नाही, तर ‘इंटरनेट नाही’ अशी खूण करते. पण वेग किती, हे तिथेही कळत नाही.

ते कळायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये आपली जोडणी निवडली, की ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’ असे दोन आकडे हलताना दिसतात. मात्र हे आकडे बिटांचे, आणि फायली मोजायच्या बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून आकड्याला आठाने भागावे. चाळीस एमबीपीएसची जोडणी म्हणजे सेकंदाला फार तर पाच एमबी. जाहिरातीतला आकडा भरघोस दिसतो तो यामुळेच.

आमच्या एका विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत १२ एमबीची कागदपत्रे पाठवायची होती. शेवटचा दिवस, रात्रीचे साडेअकरा, आणि चक्र फिरतेच आहे. वडील म्हणाले, “बंद करून पुन्हा लाव गं.” तिने आधी ‘सेंड’चा आकडा पाहिला. ३२० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४० केबी. पोरीने बोटांवर हिशेब केला: पाच मिनिटे लागणार. “आप्पा, जातंय ते, हात लावू नका,” एवढेच म्हणाली. अर्ज बाराच्या आत पोहोचला. आकडा शून्यावर खिळलेला असता, तर पुन्हा जोडण्यात शहाणपण होते. चालता धोटा थांबवण्यात नव्हते.

आपण काही करत नसताना हे आकडे धावू लागले, तर ‘प्रोसेसेस’मधला ‘नेटवर्क’ हा रकाना पाहावा. डेटा कोण खातो ते तिथे कळते. बहुधा विंडोजच स्वतःची डागडुजी उतरवून घेत असते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालले असेल, तर त्या जोडणीला ‘मीटर्ड’ करून ठेवावे, म्हणजे अशी बरीचशी उधळपट्टी थांबते. हे आकडे सदैव पट्टीवरच हवे असतील, तर ‘ट्रॅफिक मॉनिटर’ नावाचा एक फुकट प्रोग्रॅम मिळतो. २०२१ च्या विंडोज ११ ने अशा पट्ट्या बसवण्याची जुनी सोय काढली, तरी हा तिथेही आपली जागा करून घेतो.